सव्वीस पाहुणे आणि तीन हॉटेलं

ओडेसा ट्रॅमेलने लास व्हेगासच्या हॉटेलांमधल्या खोल्या सव्वीस वर्षं आवरल्या. रोजच्या पंधरा. त्यातली बारा वर्षं मी तिच्याच मजल्यावर होते. पुढे मी वेस्टसाइड वस्तीत तिच्या शेजारचंच घर घेतलं, त्यामुळे तिचा वैताग जितका मला माहीत आहे तितका तिच्या नवऱ्यालाही, तो होता तेव्हा, माहीत नसेल. मी मूळची फिलिपाइन्सची, नाव तेरेसिता. ती मला तेस म्हणते.

मनगटं गेली म्हणून तिने काम सोडलं, पण हॉटेलं काही तिला सुटली नाहीत. चर्चमध्ये कुणाचा ना कुणाचा मेहुणा किंवा साडू व्हेगासला यायचा असायचा आणि लोक तिला विचारायचे, "मिस ओडेसा, कुठलं हॉटेल चांगलं?" तिला या प्रश्नाचीच चीड होती. "चांगलं कुणासाठी?" ती विचारायची. "येणार कोण? वय काय? जिने चढतात का? सकाळी किती वाजता भूक लागते?" लोकांना एक नाव हवं असायचं, आणि ही त्यांचीच उलटतपासणी घ्यायची. निम्मे लोक कंटाळून निघून जायचे.

अशा बाईच्या गळ्यात तिच्याच घरच्यांनी स्नेहसंमेलन घातलं.

ट्रॅमेलांचं मूळ गाव लुइझियानातलं टॅलुला. दर तीन वर्षांनी जुलैत सगळे कुठेतरी जमतात. त्या वर्षी फोनवरच मतं घेऊन व्हेगास ठरलं. ओडेसा त्या वेळी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेली. परत आली तर निरोप तयार: सव्वीस माणसं येणार, तू तिथलीच आहेस, हॉटेल तू ठरव.

"सव्वीस!" ती कुंपणावरून मला म्हणाली. "त्यात एकाच्या पैशाला अंत नाही, एकीजवळ पैसाच नाही, आणि एक पाद्री! यांना एका छपराखाली कसं घालू?"

पण घालायचं तिला होतंच, आणि त्यामागे कारण होतं. तिच्याजवळच राहणारी तिची आई, मिस अर्लीन, तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. तरुणपणी त्यांनी स्ट्रिप या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात नऊ वर्षं पलंग आवरले. त्या काळी काळ्या माणसांनी मागच्या दाराने यायचं, मागच्याच दाराने जायचं. ते हॉटेल कधीच पाडलं. त्याच जागेवर आता व्हिला सेरेना उभं आहे, चाळीस मजली. आईने तिथे पुढच्या दाराने आत जावं, पाहुणी म्हणून एक दिवस राहावं, आणि सगळं घर तिच्या भोवती असावं, असं ओडेसाच्या मनात होतं. हे तिने बाकी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त मला.

जूनच्या उन्हात माझ्या जुन्या गाडीतून आम्ही हॉटेलं बघायला निघालो. व्हिला सेरेनाचं दार ते लिफ्ट, चारशे बारा पावलं, आणि सगळी जुगाराच्या यंत्रांमधून. मध्ये बसायला एक खुर्ची नाही. बसायचं तर यंत्रासमोरच. खोली मात्र बघतच राहावी अशी. टेबलावर पाण्याची बाटली, आणि ती नुसती उचलली तरी बिलात लागते. दुसरं कोरल की. तिथे पोरांसाठी वाळू घातलेला तरणतलाव, खोलीत दोन मोठे पलंग, दर मधला. पण फ्रिज नाही, आणि न्याहारीला माणशी इतके पैसे की चार पोरांची आई उपाशीच राहील. तिसरं गावातलं जुनं पालोमिनो. सर्वांत स्वस्त. दारातून दहा पावलांवर लिफ्ट, अंडी आणि बटाट्यांची भरलेली ताटली मिळते, पण गालिच्यात वर्षानुवर्षांचा सिगरेटचा वास. आणि तरणतलाव नाहीच. जाहिरातीतला तलाव दोन चौक पलीकडच्या हॉटेलचा.

ओडेसा न्हाणीघरात शिरून टबच्या काठाची उंची वितीने मोजायची. एका सुरक्षारक्षकाने विचारलंही, "बाई, काय चाललंय?"

"माझ्या बहिणीला पाय उचलता येत नाही. तुझ्या मालकाला येतो का विचार," ती म्हणाली.

घरी येऊन तिने दोन पानी कागद केला. त्यात तारे नव्हते, माणसं होती. गुडघे दुखणाऱ्यांनी इथे, लहान पोरं असतील त्यांनी तिथे, ज्यांना जुगार डोळ्यांसमोरही नको त्यांनी काय करावं, आणि कुठल्या हॉटेलात सांगितलेल्या दरावर रोजची वेगळी फी लागते. रिसॉर्ट फी म्हणतात तिला. शेवटी तिने लिहिलं, 'सगळ्यांनी एकत्र राहायचं तर कोरल की.' कागद सगळ्यांना पाठवला आणि तिथल्या बारा खोल्या आपल्या नावावर धरून ठेवल्या. व्हिला सेरेना सगळ्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून तिथे आईपुरती एका दिवसाची खोली घेतली, स्वतःच्या पैशाने.

मग फोन सुरू झाले. पहिला होझियामामांचा. ते पाद्री.

"ओडेसा, त्या यंत्रांच्या शेजारून मी जाणार नाही."

"मामा, व्हेगासला मत कुणी दिलं?"

"मत मी दिलं. पण मला वाटलं, जुगार एकीकडे असेल आणि हॉटेल एकीकडे."

"मामा, हॉटेल जुगारासाठीच बांधतात!"

"मग मी हमरस्त्यालगतच्या साध्या लॉजवर उतरेन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

नंतर भाचा लमार. अटलांटात दातांचा डॉक्टर. "मावशी, एवढी पायपीट कशाला केलीस? मी व्हिला सेरेना घेतलं. फोनवर दोन मिनिटांत झालं." त्याच्या पाठोपाठ त्याच्या दोन्ही बहिणींनीही तेच घेतलं.

शेवटी चुलतबहीण जुनेल, श्रीव्हपोर्टहून. चार पोरांची आई, नवरा सोडून गेलेला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, मला इंटरनेटवर एकोणतीस डॉलरला खोली मिळाली! पालोमिनो! तलावपण आहे!"

"जुनेल, मी पाठवलेला कागद वाचलास का?"

"वाचते गं. पण मी पैसे भरूनसुद्धा टाकले."

ओडेसाने फोन ठेवला आणि डोकं भिंतीला टेकून उभी राहिली. "तेस, मी कुणासाठी मोजत होते?" जून संपेपर्यंत बारातल्या पाचच खोल्या उरल्या. बाकीच्या सोडून देताना काउंटरवरच्या मुलीने तिला ऐकवलं, "आधी नीट ठरवून घ्यायचं ना, मॅम."

जुलैत सगळे आले, त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता जुनेलचा फोन आला. ती रडत होती. आम्ही पालोमिनोला पोचलो तेव्हा चारही पोरं पोहण्याच्या कपड्यांत गालिच्यावर बसली होती. रोजची फी खोलीच्या दराहून जास्त निघाली होती.

"ही फी कशाची?" ओडेसाने काउंटरवरच्या तरुणाला विचारलं.

"तरणतलाव आणि व्यायामशाळेची, मॅम."

"तलाव कुठे आहे?"

"बाहेर पडून डावीकडे, दोन चौक."

"म्हणजे दुसऱ्याच्या हॉटेलात."

"आमचा करार आहे, मॅम."

"पोरांनी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन चौक अनवाणी जायचं, त्याचे पैसे तुम्ही घेणार?"

"वेबसाइटवर लिहिलेलं आहे, मॅम." मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, "मलापण रोज शंभर जण हेच विचारतात हो. माझ्या हातात काही नाही."

त्याच्या कोटावर आमच्याच कामगार संघटनेचा बिल्ला होता. ओडेसाचा भरून आलेला राग तिथेच अडकला. आपल्याच माणसावर काय ओरडणार? ती जुनेलला म्हणाली, "चल, माझ्या घरी चला सगळे."

"नको." जुनेलने डोळे पुसले. "मी पैसे भरलेत. आणि मला आता उपदेश नको. तोंडावरच दिसतोय तुझ्या."

शुक्रवार आईचा. मिस अर्लीन सकाळपासूनच म्हणत होत्या, "माझा पलंग काय वाईट आहे?" ओडेसाने त्यांना निळा झगा घातला, टोपी घातली, चाकाच्या खुर्चीत बसवलं. बारा वाजता आम्ही व्हिला सेरेनाच्या पुढच्या दारात. दारवानाने वाकून दार उघडलं. ओडेसाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मिस अर्लीन छताकडे बघत होत्या.

"किती ते दिवे! पुसतं कोण हे?"

"आई, दार बघ ना."

"बघितलं. दार आहे."

काउंटरसमोर पाऊण तासाची रांग. पुढे पोचलो तर खोली तीनशिवाय मिळणार नाही. लवकर हवी तर आणखी पैसे. ओडेसाने नव्वद सेकंदांत सांगितलं की ही बाई याच जागेवर १९५१ सालापासून काम करत होती. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "हो का? किती छान!" आणि पुढच्या पाहुण्याला बोलावलं.

आम्ही यंत्रांच्या कडेला थांबलो. खणखणाट, थंडगार हवा. मिस अर्लीनचं डोकं खांद्यावर कललं. दोन वाजता जाग आली आणि म्हणाल्या, "घरी चल. माझा कोर्टाचा कार्यक्रम लागेल टीव्हीवर."

"आई, एकच तास. वर टीव्ही आहे, भिंतीएवढा."

"मला माझा हवा. त्याची बटणं मला कळतात."

ओडेसाने खुर्ची वळवली. गाडी वाहनतळाच्या कुठल्या मजल्यावर लावली तेही आम्हाला आठवेना. दोन मजले फिरल्यावर ती खांबाला टेकली आणि ओरडली, "तुझ्यासाठी केलं मी हे! तू नऊ वर्षं मागच्या दाराने गेलीस म्हणून!"

मिस अर्लीन शांतपणे म्हणाल्या, "मला मागचंच दार सोयीचं होतं. बस तिथूनच सुटायची. मला पगार जास्त हवा होता, दार नको होतं. तू मला कधी विचारलंस?"

ओडेसाने विचारलं नव्हतं. जगाला शंभर प्रश्न विचारणारी बाई आईला एकही न विचारता पैसे भरून बसली होती. मी गाडी शोधून आणली. ती खोली आम्ही बघितलीच नाही.

शनिवारी चर्चच्या सभागृहात जेवण होतं. सव्वीसांतले एकवीस जण आले. तळलेला मासा, भेंडीचा रस्सा, मक्याची भाकरी होती, आणि तासभर बोलणं एकच: कुणाचं हॉटेल कसं. लमार सांगत होता, गाडी आणून देणाऱ्याने त्याला चाळीस मिनिटं उभं केलं. होझियामामा लॉजवरून दूध आणायला किराणा दुकानात गेले, तर दुकानाच्या दाराशीच जुगाराची यंत्रं. "दुधाच्या दुकानात, ओडेसा!" ते परत परत म्हणत होते. कोरल कीमध्ये उतरलेली तिची बहीण ऑरा म्हणाली, "टब बरा होता. पण तू तिथलं गाणं किती मोठ्याने वाजतं ते लिहिलं नव्हतंस."

ओडेसा रस्सा वाढायचा डाव घेऊन उठली. "पुरे! एक महिना उन्हात फिरून मी तुम्हा एकेकासाठी पाहिलं. कुणी वाचलं? आता मला कुणाचा टब, कुणाचं दूध, काही सांगू नका. जेवा."

सगळे जेवले. मामांनी दोनदा घसा खाकरला आणि आणखी एक भाकरी घेतली. भांडी घासायला जुनेल आपणहून तिच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "काल रात्री तुझा कागद वाचला. माझं नाव घालून लिहिलं होतंस. 'जुनेलला पोरांसोबत बसता येईल अशी सावली.' मला ठाऊकच नव्हतं."

"आता ठाऊक होऊन काय उपयोग," ओडेसा म्हणाली, पण शेवटचे दोन दिवस जुनेलची पोरं तिच्याच अंगणात नळीच्या पाण्याखाली नाचली.

व्हिला सेरेनाने खोलीचे पैसे परत दिले नाहीत. ओडेसाने तीन पत्रं लिहिली. ऑक्टोबरात उत्तर आलं: एक रात्र मोफत, सोमवार ते बुधवार, फी वेगळी. ते तिने माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि फाडलं. मग तुकडे परत गोळा केले, कारण मागे फोन नंबर होता. नंबर जुळवून तिने फोन लावला आणि दुपारभर कानाशी तेच ते संगीत धरून बसली. चारच्या सुमाराला एक माणूस बोलला. त्याने नाव लिहून घेतलं आणि सांगितलं की कुणीतरी फोन करेल.

अजून कुणी केलेला नाही.