मनगटावरचा पट्टा

आवळलेलं काही दिसलं की ज्याचा जीव कासावीस होतो, असा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच, आणि तो साडभाऊ, म्हणजे साडू, म्हणून नेमका माझ्या वाट्याला आला. शिरपूरला त्यांच्या घरी एका बरणीचं झाकण धड लागलेलं दिसणार नाही. माझ्या गाडीवर मागे बसले की ते माझ्याच हेल्मेटचा पट्टा ढिला करतात. एकदा मालेगावच्या रस्त्यावर, ट्रॅक्टरवाला चहा पीत होता तेवढ्यात त्यांनी सोयाबीनच्या पोत्यांवरचा दोर सैल केला, आणि पुढच्या वळणावर निम्मी पोती नालीत गेली. त्यानं शिव्यांची लाखोली वाहिली. हे शांतपणे म्हणाले, "एवढं आवळून कायले ठेवतं बाप्पा? दोराले बी तरास होते." एकाच माणसाला इतकी दया देवानं द्यायला नको होती.

मागच्या वर्षी ताईची, म्हणजे त्यांच्या बायकोची, अकोल्याला अँजिओग्राफी झाली. मनगटाच्या धमनीतून. नळी काढली की भोकावर पारदर्शक पट्टा बांधून त्यात सिरिंजनं हवा भरतात, त्या दाबानं रक्त थांबतं. मग नर्स थोडी थोडी हवा काढत, रक्त येतंय का बघत, तो दाब कमी करते. साडभाऊंना हे नीट समजावलं होतं. पण ताई म्हणाली, "बोटं बधिर होऊन राह्यले वो," आणि मी औषधं घेऊन वर येईपर्यंत यांनी पट्टाच सोडला होता. चादर, सदरा, सगळं लाल. हे वर खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळत होते आणि तो भिजत होता. नर्सनं त्यांना बाजूला ढकललं, अंगठ्यानं धमनी दाबून धरली आणि रक्त थांबेपर्यंत हलली नाही. ताईचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला.

हृदयात अडथळा निघाला होता, स्टेंट टाकणं भाग होतं. ताई ऐकेना. साडभाऊ रोज विनवत, ती भिंतीकडे तोंड करून बसे. मला संताप त्यांचाच येई. ज्या खोडीला आम्ही जन्मभर हसलो, ती तिच्या जिवावर उठली होती. शेवटी ती त्यांच्यादेखत मला म्हणाली, "जाईन मी. पण हे सोबत नको."

निघायच्या सकाळी साडभाऊ गाडीचं दार लावून खिडकीतून मला म्हणाले, "ध्यान ठेवजो. त्या पट्ट्याले कोणाले हात लावू देऊ नको." ताईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालेगाव मागे पडलं. मग हळूच म्हणाली, "सकाळपासून चहा बी नाही घेतला त्याईनं."