दारावरचा पोळ्याचा रंग

...तर मागच्या पोस्टवर तुम्ही सगळे "रंगवून घे" म्हणले, ते ऐकलं आन् आज बाबाची लाल गाडी घेऊन लोहाऱ्याच्या पेंटरकाकाकडे गेलतो. गाडी माह्यापेक्षा वयानं मोठी, तिचा मॅचिंग रंग बाजारात भेटतच नाही.

काका म्हणे, "आधी दार घासू, मंग रंग जुळवू." उन्हानं उडालेला थर निघाला, आतून ओरिजिनल लाल दिसला. काकांनी थेंब थेंब मिसळून तोच शेड बनवला. मी जाम खुश!

मग त्यांना दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक जुना डाग दिसला. "हे काय बे? हा तर बैलाच्या शिंगाचा रंग हाय!"

मी बाबाले फोन लावला. ते हसत सुटले. "तूच लावलता! चार वर्षांचा होता. कापसाले भाव नव्हता त्या साली, गाडीच्या रंगाले पैसे कुठले? पोळ्याचा उरलेला रंग होता, तुह्या हाती ब्रश देल्ला."

"मंग राहू देऊ काय?"

"कायले? चांगला रंग भेटला न, लावून टाक!"

काकांना थांबवलं अन् रंगाची बाटली घेऊन घरी आलो. बाबाले गाडी नव्यासारखी पाह्यची हाय, मले तो डाग पुसू वाटून नाही राह्यलं. तुम्ही असते तर काय केलं असतं?