भीमाबाईने जोएलला दिलेलं आवतन

आमच्या रोडपालीची भीमाबाई धवलारीण, म्हणजे हळदीला धवळे गाणारी. शाळेचं तोंड पाहिलं नाही बाईने. मी चौथीपर्यंत शिकलो, पण तिच्यापुढे माझी चौथी नापासच! धवळ्यात आधी देवांना आवतन, मग त्या घरच्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. एका लग्नात कुणीतरी ओरडलं, "काकाचं नाव राहिलं!" तर म्हणते कशी, "त्यो जिता हाय, समोर बसलाय. घाई कसली?" मांडव लोळला हसून.

मागून चार बाया ओळ झेलतात, म्हणजे तीच ओळ परत म्हणतात. ओळ झेलली नाही तर आवतन पोचत नाही, असं आमच्यात मानतात.

तिचा लेक मिथुन बोटीवर कामाला. दोन वर्षांमागे तांबड्या समुद्रात त्यांच्या बोटीवर क्षेपणास्त्र पडलं. लढाई भलत्यांची, मेला जोएल; फिलिपिन्सचा पोरगा, इंजिनात मिथुनच्या जोडीला असायचा. सापडलाही नाही. मिथुन घरी आला तसे आम्ही नाक्यावर जमलो. तो सांगू लागला, "जोएल शिडीवर होता, मी त्याचा हात धरला..." तेवढ्यात गावातल्या पोरांतला हरेश म्हणाला, "व्हिडिओ काढलास काय रं?"

नव्हता काढला. मग क्रिकेटचा विषय निघाला. खोटं कशाला सांगू, स्कोर मीच विचारला.

त्यानंतर मिथुन बोलेनासा झाला. आईशीही नाही; झोपेत तेवढा शिडी, तेल, निसटलेला हात असं बरळायचा. भीमाबाई मला म्हणाली, "भाऊ, याचं कोनी आयकला नाय, तर पोरगा माज्या हातचा जाईल."

गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या परेशची हळद होती. बेंजोवाले थांबले, धवळा सुरू झाला. देव झाले, परेशचे आजे-पणजे झाले, आणि त्याच चालीत बाई म्हणाली:

*ये रं जोएल पोरा, हलदीला ये,*
*तुज्या आयेला ठावं नाय, कनच्या पान्यात तू हाय.*

झेलणाऱ्या बायांनी ओळ झेललीच नाही. परेशची आई मनिषा ताडकन उठली. "मावशी, परका मेलेला माज्या पोराच्या हलदीत? आनि हितंच बसला तर?"

"बाय गो, त्याला ना अग्नी, ना माती. घटकाभर बसूंदे."

"आजी, मूड घालवलास सगल्यांचा!" हरेश हसत म्हणाला आणि त्याने बेंजोवाल्यांना हात केला.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून मिथुनने ओळ झेलली. बेसूर, पण अख्खी. बाईने पुढची घेतली: शिडीची, तेलाने निसटलेल्या हाताची. तीही त्याने झेलली. मीही म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण बेंजो सुरू झाला, पोरं नाचायला उठली, आणि त्या दोघांचे नुसते ओठ हलताना दिसले.

तेव्हापासून भीमाबाईला कुणी बोलवत नाही. माघात माझ्या नातीची, प्राचीची हळद झाली. सुनेने कळंबोलीची दुसरी धवलारीण आणली. तिचा पाट मीच मांडला.

परवा सहज तिच्याकडे गेलो. भाजी निवडता निवडता ती जोएलचा धवळा म्हणत होती, मिथुन झेलत होता. मला पाहून दोघं थांबली.

"बस, भाऊ," ती म्हणाली. "चा घे."

चहा प्यालो. ओळ झेलायची म्हणून खूप वेळ बसलो. पुढची ओळ काही तिने म्हटली नाही.