नानांच्या मार्गदर्शनाखाली सुरत

सुरतेला लेक बाळंत झाली आणि मी स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जाणार, हे असोद्यात कळलं. त्याबरोबर गावातल्या प्रत्येकाला आपला अर्धा जन्म सुरत हायवेवर गेल्याचं आठवलं. एकाने सांगितलं, पोटभर जेवून नीघ, नाहीतर चक्कर येईल. दुसऱ्याने सांगितलं, उपाशी नीघ, नाहीतर झोप येईल. घरी केळीची कापणी चालू असल्यामुळे नवऱ्याला येता येणार नव्हतं. त्याने एकच सल्ला दिला, "नानांना सोबत ने."

नाना म्हणजे माझे सासरे, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी आजवर ट्रॅक्टर चालवला आहे, तोही आपल्याच शेतात, जिथे समोरून कोणी येत नाही. एवढा दांडगा अनुभव वाया घालवणं बरं नव्हतं. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले आणि पाळधी यायच्या आतच शिकवणी सुरू झाली.

"सूनबाई, हॉर्न वाजव ना व."

"समोर कोणीच नाही, नाना."

"म्हनूनच तं वाजव. आलं म्हंजे?"

पारोळ्यापर्यंत मी रिकाम्या रस्त्याला हॉर्न देत आले. एखाद्या ट्रकला मागे टाकायला गेले की नाना म्हणत, "जाऊ दे त्याले पह्यले." त्याच्या मागे राहिले की सुस्कारा सोडत, "आज पोचत नाही आपन."

धुळ्याजवळ माझ्या मोबाइलमधल्या बाईने बाहेरचा रस्ता धरायला सांगितलं. नानांना ते आवडलं नाही. "हे बाई कुठली? इले काय माहीत धुळं?" त्यांना माहीत होतं. गावात एक वडाचं झाड होतं, तिथून डावीकडे वळायचं होतं. आम्ही ते झाड शोधत धुळ्याचा प्रत्येक बाजार पाहिला. शेवटी एका रिक्षावाल्याने सांगितलं की रस्ता रुंद झाला तेव्हाच झाड गेलं. "सांगायचं तरी," नाना म्हणाले. बहुधा नगरपालिकेला.

साक्रीला चहा घेतला. हॉटेलवाला कप ठेवता ठेवता म्हणाला, "घाटमा ट्रक बंद पडेल शे. बठ्ठं जाम शे."

कोंडाईबारीच्या घाटात पोचलो तर खरंच गाड्यांची रांग लागलेली. नाना दार उघडून उतरले. "पाहून येतो." पाहून येतील असं मला वाटलं, हा माझा भोळेपणा. पुढच्या वळणावर पाहते तर नाना रस्त्याच्या मधोमध उभे, हातातलं उपरणं फिरवत एका टँकरला मागे घेताहेत आणि टँकरवाला दोन्ही हात जोडतोय.

कोणाच्या पुण्याईने ते सांगता येत नाही, पण रांग एकदम हलली. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. थांबायला जागा नव्हती, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. मला गाडी पुढे काढावी लागली आणि नाना खिडकीबाहेरून मागे पडले. मी जवळून जाताना त्यांनी मलाही हाताने पुढे जायची खूण केली, अगदी सरकारी रुबाबात.

घाट उतरून मी एका धाब्यावर थांबले आणि त्यांना फोन लावला. फोन माझ्या शेजारच्या सीटवर, लाडवांच्या डब्याखाली वाजला.

म्हातारा माणूस, ऊन, वाहतूक. नवऱ्याला काय सांगू? नाना घाटात राहिले? गाडी वळवून परत चढावं असं ठरवत होते, तेवढ्यात राजस्थानचा एक भला मोठा ट्रक धाब्यात शिरला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी नाना बसले होते आणि हात करून त्याला गाडी कुठे लावायची ते दाखवत होते.

ड्रायव्हरने त्यांना जपून उतरवलं. "बहनजी, ये आपके हैं?"

"हो."

"ले जाइए. इतना तो मेरा सेठ भी नहीं बोलता."

"पोरगा चांगला हाये," नाना मला म्हणाले. "फक्त गेर घाईनं टाकतो. सांगितलं त्याले."

इतक्या वर्षांत मी नानांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सगळ्या धाब्याला ऐकू जाईल असा चढवला. "काही झालं असतं म्हणजे? मला न सांगता का उतरलात?" बोलता बोलता रडू आलं आणि आणखीच राग आला. नाना मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले, लेकीसाठीचा डबा उघडला आणि एक लाडू पुढे केला. मी घेतला. नवापूर, सोनगड, बारडोली, कुठेच ते एक शब्दही बोलले नाहीत. आरशात पाहिलं तर झोपले होते.

सुरतेला लेकीने विचारलं, "आई, एवढ्या लांब एकटीने गाडी आणलीस?"

"दोघांनी आनली," नाना म्हणाले आणि पणतीला मांडीवर घेतलं. घाट कसा मोकळा केला, हे त्यांनी त्या एका दिवसाच्या बाळालाही सांगितलं.

परतीला मात्र ते रेल्वेने गेले. हायवेवर आता कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणाले.