शून्याची साखर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी माघार घेणार नाही! पोरीचं नुकसान मीच केलं, कबूल. पण कशानं? कष्टानं!

आम्ही टेंभुर्णीचे. माझी सुनीता शाळेच्या खो-खो संघात. जालन्याच्या शिबिरासाठी दोन मुली निवडायच्या होत्या. खेळाच्या सरांनी शुक्रवारीच सांगून ठेवलं, सोमवार ते शनिवार रोज परीक्षा. डाव्या हातानं चेंडू भिंतीवर मारायचा, डाव्याच हातानं झेलायचा. रोज दहा वेळा.

मग मी गप्प बसते होय? शनिवार-रविवार गोठ्याची भिंत आणि आम्ही मायलेकी! भाकरी करपल्या, म्हैस बिथरली, पण पोरीचा हात बसला.

सोमवारी दहापैकी दहा! मी गल्लीभर साखर वाटली. पुढं रोज दहाच.

आणि शनिवारी पहिलं नाव कुणाचं? शेजारच्या मंदाचं! सोमवारी तिचा एक झेल, शनिवारी सात. दुसरं नाव ठरायचं होतं, पण सुनीता सगळ्यात खाली!

पदर खोचला आणि शाळा गाठली.

"सर, सातवाली जालन्याला अन् दहावाली घरी? हे कसलं मोजमाप?"

"ताई, किती येतं ते न्हाई, नवं काम किती जल्दी शिकते ते मोजून राह्यलो. मंदा सहानं वाढली. सुनीता पहिल्या दिवशी दहा, शेवटी दहा. वाढ शून्य!"

डोळ्यांपुढे गोठ्याची भिंत आली. पण हटते ती मी कसली!

"शिकली की! दोन दिवसांत शिकली. म्हशीला विचारा! तिथं तुमची वही नव्हती, यात पोरीचा काय कसूर? द्या नवं काहीतरी!"

सरांनी दुसऱ्या नावासाठी उरलेल्या सगळ्या मुलींना नवी परीक्षा लावली, झाडाला टायर टांगलं. डाव्या पायानं चेंडू त्यातून मारायचा. "अन् ताई, घरी सराव बिलकुल न्हाई."

सुनीता म्हणाली, "आई, तू तर टायरकडं बघूबी नको."

सोमवारी दहापैकी शून्य. मी आनंदानं पुन्हा गल्लीभर साखर वाटली!

मंदाची आई दारातच थबकली. "वैनी, शून्याची साखर? बरं हाय ना तुम्हाला?"

"एकदम बराबर हाय! खा!"

शनिवारी आठ! सुनीताचं नाव लागलं. सारी गल्ली दारात जमली. "वैनी, आता काढा साखर!"

डबा उघडला. तळाला दोन मुंग्या.

त्या दिवशी आम्ही घरचा चहासुद्धा बिनसाखरेचा प्यालो. आणि मी तोंड वाकडं केलं नाही, बरं का!