बांधावरून मुक्ताईकडे

हरभऱ्याच्या आंबेचा वास नाकाआधी जिभेला कळतो. पहाटेच्या दवात पानांवर साचलेला तो आंबट ओलावा लुगड्याच्या काठात मुरतो आणि टाचांच्या भेगांना झोंबत राहतो. ऐंशीच्या दशकातल्या त्या महाशिवरात्रीला माझी आई जामनेरहून मुक्ताईच्या यात्रेला निघाली ती अशाच शेतांच्या बांधांवरून, अनवाणी. मागे मी.

गावाची दिंडी डांबरी रस्त्याने गेली होती. पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर कर्णा, कर्ण्यात सिनेमाच्या चालींवर बसवलेली भक्ती. दिंडीचे प्रमुख नाना गळ्यात शिट्टी अडकवून चालत. भक्ताला थांबायला आणि निघायला शिट्टी लागते, हे मला त्यांच्यामुळे समजले. पुरुष पताका घेत, बायका त्या पुरुषांच्या सतरंज्या. फराळाची केळी वाटून झाली की सालींचा सडा मागे टाकून सगळे पुण्यवान पुढे सरकत.

वाटेवरच्या गावांतल्या बायका यात्रेकरणींच्या पायांवर पाणी घालत, कुंकू लावत, पाया पडत. आदल्या वर्षी त्या रांगेत आईनेही पाऊल पुढे केले होते. तांब्या शेजारणीपर्यंत आला, आईवरून अलगद उचलला गेला आणि पलीकडच्या पावलांवर कलला. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. आईने पाऊल लुगड्याखाली ओढून घेतले. नाना हलक्या, समजूतदार आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्ही मागं चला. उगी बायांना अवघडल्यासारखं व्हतं." जिने कधी संसार मांडला नाही, त्या मुलीच्या देवळाकडे निघालेली ही माणसे!

म्हणून यंदा आई म्हणाली, "मले नाही जायाचं."

"आपण बांधाबांधानं जाऊ."

"तिकडे पाय कोन धुईन?"

"कोणी नाही. पण कोणी टाळणारही नाही."

आई पिशवी भरायला लागली.

मी तेव्हा पिंप्राळ्यात राहत होते, जळगावच्या कॉलेजात कविता शिकवत होते. दूरवर कर्णा खरखरला की मला नानांची कीव येई, आणि आपली वाट किती निर्मळ, या विचाराने पावलाला वेग येई. माझ्या पायात चपला होत्या.

बोदवडच्या अलीकडे हरभरा उपटणारी एक मजूरबाई कंबर सरळ करत उठली. तिची नजर आईच्या लालभडक टाचांवर गेली.

"मुक्ताईले चालल्या का व माय? अन् हे काय करून घेतलं पायाचं! आंब खाते ना पायाले."

बाभळीखाली ठेवलेली कळशी तिने आणली. दिवसभराचे तिचे पिण्याचे पाणी होते ते. तांब्या भरून ती वाकली.

"करा पाय पुढं."

आईने पाऊल जरासे उचलले आणि तसेच धरून ठेवले. तिचा श्वास मला ऐकू येत होता. हा तांब्याही मध्येच थांबला तर तिला ते सोसणार नाही, असे मला वाटले. निदान तसे मी स्वतःला आजवर सांगत आले आहे. मी पुढे झाले आणि त्या बाईला हलक्या, समजूतदार आवाजात म्हणाले, "आई विधवा आहे."

तिने तांब्या कलता केला. आईच्या भेगांतून हिरवट आंब वाहून मातीत जिरली. दुसऱ्या पावलाकडे वळता वळता तिने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"मंग?"