उकिडवं बसून उघडणारा फोन

आईचा फोन म्हशीने फोडला. येळ्ळूरच्या घरी धार काढायला आई वाकली, कनवटीला खोचलेला फोन घसरून गोठ्यात पडला आणि म्हशीने नेमका त्यावर पाय दिला. काचेचा भुगा झाला, आत सगळं काळंकुट्ट. मी बेळगावात शाळेत शिकवते. ओरडायची सवय माहेरी आले तरी सुटत नाही. "फोन काय कनवटीला खोचायची वस्तू आहे?" म्हणून मी आईला फैलावर घेतलं. ती पदराने फोन पुसत राहिली. मग माझी ट्यूब पेटली.

त्या फोनमध्ये आप्पांचा आवाज होता. माझ्या वडिलांचं घशाचं ऑपरेशन झालं आणि बोलणं कायमचं गेलं. आता ते टाळी वाजवून आईला हाक मारतात. आधी कधीतरी त्यांनी आईला बोलून पाठवलेला एकच मेसेज उरला होता, तोही फक्त तिच्या फोनमध्ये. तो माझ्याकडे घेऊन ठेवायचं मी 'आज करू, उद्या करू' करत राहिले होते. मग ओरडायचं कुणी कुणावर?

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बेळगावातलं दुकान गाठलं. दुकानदार कन्नड, पण आईशी मराठीत बोलला. त्याने नवा डिस्प्ले बसवला, फोन उजळला, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकणार तोच तो म्हणाला, "आक्का, लॉक काढा की."

लॉक म्हणजे नऊ ठिपके जोडायचे. मी शिकवलेलं सोपं लॉक आईने केव्हाच बदललं होतं. तिने फोन हातात धरून बोट फिरवलं. चुकलं. पुन्हा चुकलं.

"आठव की जरा!" मी खेकसले.

"डोक्यात न्हाय गं ते, हातात हाय."

आणखी दोन-तीनदा चुकल्यावर फोननेच थांबायला लावलं. दुकानदार हळूच म्हणाला, "न्हाय उघडलं तर सगळं पुसून नव्यानं चालू करायला लागतंय." सगळं म्हणजे आप्पांचा आवाजही.

आईने फरशीकडे बघितलं. "खाली बसू काय जरा?"

"इथं? लोक बघतायत. खुर्ची आहे की."

"घरात मी भुईवर ठेवूनच उघडते. तू ओरडतीस म्हणून तुझ्यासमोर तेवढा हातात धरते."

खरंच होतं. फोन माणसासारखा हातात धर, हे मी तिला शंभरदा सुनावलं होतं. मी खुर्ची बाजूला सरकवली.

आई दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसली. पदर खोचला, फोन पुढ्यात आडवा ठेवला आणि वाकली. रोज सकाळी ती दारात अशीच वाकते. नऊ ठिपके मांडायचे आणि चिमूट न उचलता त्यांतून एक रेघ फिरवायची, ही तिची रोजची छोटी रांगोळी. बोट तस्संच फिरलं, कुठेही न अडखळता. फोन उघडला.

तिने आधी तो मेसेजच लावला. "अगं, बस चुकली. चालत यायलोय. कढी संपवू नको." अख्ख्या दुकानाने ऐकलं. मला रडू आवरेना. लोक बघत होते, बघू देत. मीही आईशेजारी फरशीवर बसले आणि उठायच्या आत तो मेसेज माझ्या फोनवर घेतला.

घरी आप्पा ओट्यावर वाट बघत बसले होते. आईने फोन त्यांच्यापुढे धरला. स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. कशाला ठेवलंयस हे, असा हात उडवला.

आईने फोन पुन्हा कनवटीला खोचला. "तुमच्यासाठी न्हाय ठेवलेलं," ती म्हणाली. "माझ्यासाठी हाय."